ती त्या दिवशी कामावर होती

रत्नमालाचं माझ्याशी शेवटचं बोलणं झालं ते बर्फावरून. दुपारी सेनगावकडच्या गोरेगावहून प्रवासी जीपनं ती हिंगोलीत माझ्या लॅबमध्ये आली. खांद्याला नमुन्यांची निळी पेटी, ओढणी धुळीनं पांढरी. सकाळी घेतलेल्या रक्ताच्या नळ्या तिनं माझ्या फ्रीजमध्ये लावल्या आणि पुढच्या फेरीसाठी पेटीत घालायला बर्फ मागितला. माझ्याकडे नव्हता. लोडशेडिंग चालू होतं, इन्व्हर्टरवर फ्रीज जेमतेम थंड राहत होता. मी म्हटलं, "आज तुझा ब्रेक ना? मग कशाला मरतेस? घरी जा, झोप काढ." हेच शब्द होते माझे, बदलून लिहीत नाही. ती म्हणाली, "बाळापूरला दवाखान्यात लोकं बसून राहिले असतील, सिंधू. त्यांना काय सांगू, आज कागदावर मी न्हाई म्हणून?" समोरच्या रसवंतीवाल्याकडून तिनं बर्फ आणला, चहा अर्धा सोडला आणि गेली... कळमनुरीच्या अलीकडे ती बसलेली प्रवासी जीप उसाच्या ट्रॉलीवर आदळली. दिवेलागणीला तिथल्या दवाखान्यातून फोन आला. तिच्या पर्समध्ये माझ्या लॅबचं कार्ड सापडलं होतं. "इथं एक बाई आणल्यात, तुमच्या कोण लागतात?" मी "येते" एवढंच म्हटलं. कोण लागते हे सांगायला लागले असते तर निघायला उशीर झाला असता.

याला आता दोन महिने होत आले. रडायचं ते रडून झालं. तिच्या आठवणी म्हणून काही गोड लिहावं असं ज्या पुरवणीसाठी हे लिहिते तिच्या संपादकांना वाटत असेल, पण मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो कुणावर, किती आणि का, हे नीट लिहून काढल्याशिवाय माझं दुसऱ्या कामात लक्ष लागायचं नाही.

आमची ओळख परभणीच्या वसतिगृहात झाली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही परभणीवालेच. मी तांड्यावरची, ती आखाडा बाळापूरच्या बौद्धवाड्यातली. बाप बाजारात हमाली करायचा, तो ती अकरावीत असताना गेला. माय शेतमजुरीला जायची. आमच्या खोलीत तिच्या वाट्याला खिडकीकडची कॉट आली आणि माझ्या वाट्याला दाराकडची, यावरून पहिलं भांडण झालं. नंतर भांडणं पुष्कळ झाली, पण खोली कधी बदलली नाही. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आमच्या तुकडीला चालू अवस्थेतले सूक्ष्मदर्शक मोजकेच. रत्ना एकदा त्याला डोळा लावून बसली की उठायचीच नाही. मागं रांग लागायची. एक जण ओरडला, "ए रत्ने, आत पिक्चर चालू आहे काय?" ती डोळा न काढता म्हणाली, "व्हय. लाल पेशींचा. तिकीट काढून ये." सर हसले, पोरं हसली. तिला हसायला वेळ नव्हता.

मला लवकर पायावर उभं राहायचं होतं, म्हणून मी लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा केला आणि हिंगोलीत लॅब टाकली. तिनं एम.एस्सी. केलं, पुढं पीएच.डी. केली, सिकलसेलवर. आमच्या भागाला हा आजार नवा नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस हाडाहाडातल्या दुखण्यानं तळमळतो. औषधाची गोळी देऊन मोकळं व्हावं असा हा आजार नव्हे. रत्नाला छळणारा प्रश्न वेगळाच होता. एकाच घरातले दोन सख्खे भाऊ, दोघांच्या रक्तात तोच दोष, एक जण महिन्यातून चार दिवस अंथरुणाला खिळलेला आणि दुसरा नांगर धरतो. असं का? मी तिला कितीदा म्हटलं, माझ्या लॅबमध्ये भागीदार हो, सुखानं राहशील. ती म्हणायची, "तुझ्या लॅबमधून रिपोर्ट निघतो, सिंधू. मला कारण पाहिजे."

कारण शोधायची जागा तिला सापडली ती पेपरातल्या जाहिरातीत. मोठ्या शहरात नवी संशोधन संस्था उभी राहिली होती. एक सरकारी खातं, एक वैद्यकीय महाविद्यालय आणि एक परदेशी विद्यापीठ, अशी तिघांची मिळून. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर वकिलाची नोटीस येईल आणि मला लॅब चालवायची आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं, 'शास्त्रज्ञांना कारकीर्दीची संधी'. रत्नानं ते कात्रण वहीत चिकटवलं. तिची निवड झाली, आणि आमच्या भागात या आजाराचं केंद्र उघडायचं म्हणून तिला इकडेच पाठवलं. तिच्या मायनं बाळापुरात गूळ वाटला. नेमणुकीचं पत्र मी वाचलं तेव्हा त्यात 'प्रकल्पापुरती' हा शब्द होता आणि मुदत अकरा महिने होती. मी विचारलं, "बारावा महिना कुठं गेला?" ती म्हणाली, "पुढच्या पत्रात येईल."

पुढच्या पत्रातही तो आला नाही. त्यानंतरच्या कुठल्याच पत्रात आला नाही. ज्यांना ही पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. अकरा महिने झाले की माणसाला एक दिवस कामावरून कमी करायचं. त्याला 'ब्रेक' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर, त्याच खुर्चीवर, त्याच कामाला नव्या पत्रानं पुन्हा घ्यायचं. मधला तो एक दिवस एवढ्यासाठी की सलग नोकरी झाली, आता कायम करा, असं म्हणायची त्याला सोय राहू नये. शिकल्यासवरलेल्या, जगाच्या आजारांचा विचार करणाऱ्या लोकांनी ही युक्ती काढावी आणि ती वर्षानुवर्षं न चुकता पाळावी, याचं मला अजून नवल वाटतं. एकदा ती मला संस्थेचं मुख्य कार्यालय दाखवायला घेऊन गेली. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना दारं. कायम असलेल्यांच्या दारावर पितळी पाट्या. प्रकल्पातल्या माणसांची नावं कागदावर टाइप करून चिकटपट्टीनं लावलेली. रत्ना म्हणाली, "बघ, माझी पाटी दर वर्षी नवीकोरी असते." मी हसले नाही. तीच एकटी हसली.

तिनं विचारलं नाही असं नाही. सरकारी खात्यात गेली तर ते म्हणाले, पद निर्माण करणं महाविद्यालयाचं काम. महाविद्यालय म्हणालं, आम्ही फक्त जागा दिली, तुम्ही परदेशी विद्यापीठाला लिहा. परदेशातून फार सभ्य पत्र आलं, की स्थानिक नेमणुकांत आम्ही हस्तक्षेप करीत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हिला तर तीन घरं होती. आणि या तिन्ही घरांच्या अहवालांत, भिंतीवरच्या तक्त्यांत, परिषदांत दाखवल्या जाणाऱ्या चित्रांत जे रक्त होतं, ते हिनं सेनगाव आणि कळमनुरीच्या रस्त्यांवर जीपला लटकत गोळा केलेलं होतं.

एकदा खरोखरीची जागा निघाली. कायम, शास्त्रज्ञ पदाची, आणि राखीव. रत्नाला वाटलं, ही आपलीच. मलाही वाटलं. मुलाखतीहून ती सरळ माझ्याकडे आली. समितीतले तिघं तिचं काम रोज पाहणारे होते, एक बाहेरचे तज्ज्ञ. त्यांनी विचारलं, "परदेशात काम केलंय का तुम्ही?" ही म्हणाली, "नाही सर. गोरेगावात केलंय." सगळे हसले म्हणे. मी म्हटलं, "हसले म्हणजे झालं काम." ती म्हणाली, "न्हाई गं. ते माझ्यावर हसले." तिचं बरोबर होतं. महिन्याभरानं निकाल लागला... 'योग्य उमेदवार आढळला नाही.' जागा रिकामीच ठेवली. आणि त्याच टपालानं दुसरं पत्र आलं, तिच्या प्रकल्पाची मुदत आणखी अकरा महिने वाढवल्याचं, 'आपल्या उत्कृष्ट कामाची दखल घेऊन'. दोन्ही पत्रांवर सही एकाच माणसाची. मी ती पत्रं तिच्यासमोर टेबलावर आपटली आणि म्हटलं, फाड, राजीनामा दे, कोर्टात जा, काहीतरी कर. ती पत्रं नीट घडी करून पर्समध्ये ठेवत म्हणाली, "तू काहून एवढी तापून राहिली? कोर्टात गेले तर केंद्र बंद करतील. मग या लोकांचे रिपोर्ट कोण आणून देईल?"

या 'आणून देण्या'बद्दल सांगते. संस्थेच्या कामात रक्त घेणं होतं, रिपोर्ट परत पोचवणं नव्हतं. सुरुवातीला गोरेगावच्या एका म्हातारीनं तिला अडवलं होतं, "रगत नेता बाई, अन् वापस काईच आणत न्हाई. काय, पिता का काय?" त्यानंतर रत्ना प्रत्येक रिपोर्ट स्वतः घेऊन गेली. ओट्यावर बसून समजावून सांगायची. दुसऱ्या वेळी तीच म्हातारी म्हणाली, "आली का रगतपिती? ये, च्या पी." हे नाव गावभर झालं. लेकरं 'रगतपिती आली' म्हणून ओरडत पळायची आणि मागच्या दारानं येऊन हात पुढं करायची.

तर असल्या माणसाला ब्रेकच्या दिवशी घरी बसा म्हटलं तर ती बसणार होती का? गावोगावची माणसं महिनाभर आधी सांगून बोलावलेली असायची. मजुरी बुडवून यायची. त्यामुळे ती ब्रेकच्या दिवशीही जायची, दर वर्षी. संस्थेच्या हजेरीपटावर त्या दिवशी सही नाही, गाडी नाही, काही नाही. आणि इथं माझा दोष येतो, तो मी टाळणार नाही. तिच्या नळ्या माझ्या फ्रीजमध्ये येत तेव्हा मी आवक वहीत लिहीत असे, किती, कुणी आणल्या, किती वाजता. ब्रेकच्या दिवशी ती म्हणायची, "आज नको लिहू. माझं नाव दिसलं तर साहेबांना अडचण होईल." आणि मी लिहीत नव्हते. मी, जी हात न धुता आलेल्या माणसाला लॅबच्या पायरीवरून परत पाठवते. तिच्या मरणाच्या दिवशीही मी लिहिलं नाही. वहीत त्या दुपारी काही नाही... सरळ रेघा आहेत.

पुण्यानुमोदनाच्या दिवसाची वाट न बघता तिच्या मायनं मला बोलावलं. म्हणाली, "सिंधू, तू त्या मोठ्या हापिसला लिही. मला त्याह्यचं काई नको. माही लेक कामावर असताना गेली, येवढं एका कागदावर लिहून द्या म्हणावं." मी तिच्या नावानं लिहिलं. उत्तर लगेच आलं, इतर कुठल्याही पत्राचं कधी आलं नाही एवढ्या लगेच. 'उक्त दिनांकास सदर व्यक्ती संस्थेच्या सेवेत नव्हती. सबब तिचा प्रवास वैयक्तिक स्वरूपाचा होता.' सदर व्यक्ती. पत्र बाळापूरच्या पत्त्यावर गेलं आणि माझ्या आधी तिच्या चुलत्याच्या हाती पडलं. किसनराव हे भावकीतले वाचता येणारे गृहस्थ. त्यांनी ते चार माणसांत मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "वैयक्तिक म्हंजे? सुट्टीच्या दिवशी जीपमधी बसून ही कोणासंगं कुठं निघाली होती?" बिनलग्नाची, पस्तिशी ओलांडलेली, शिकलेली बाई. जीपमध्ये बाकी सगळे पुरुष. गावाला एवढं पुष्कळ होतं. आठवड्याच्या आत तिच्या मायला नळावर बाया विचारू लागल्या. मला कुणी विचारलं की तुला सर्वांत जास्त राग कशाचा आला, तर मुलाखतीचा नाही, अकरा महिन्यांचा नाही, या एका 'सबब'चा आला. कुठल्या तरी कारकुनानं सवयीनं टाकलेला शब्द, आणि त्यानं मेलेल्या बाईच्या अब्रूवर घाव घातला.

त्या पत्रानंतर चौथ्या दिवशी संस्थेची गाडी माझ्या लॅबसमोर थांबली. प्रकल्पाचे प्रमुख स्वतः उतरले. आधी दुःख व्यक्त केलं, ते मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आमचे काही नमुने तुमच्याकडे आहेत."

"कोणते?"

"डॉक्टर रत्नमालांनी ठेवलेले. शेवटचे."

"कधी ठेवले?"

त्यांनी तारीख सांगितली. मी त्यांचंच पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "त्या दिवशी तुमचं कुणी कामावर नव्हतं. मग नमुने तुमचे कसे?"

"ताई, ते पत्र प्रशासनाचं असतं, त्याचं माझ्या हातात काही नाही. पण विज्ञानाचं नुकसान होतंय. शिवाय ते गरीब लोक रिपोर्टची वाट बघत असतील."

"नाही बघत. दुसऱ्याच दिवशी मी अर्धं-अर्धं रक्त वेगळं काढून नवऱ्याबरोबर नांदेडला ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणी झाली, रिपोर्ट मी गोरेगावात वाटून आले. तुम्हाला उरलेलं पाहिजे असेल तर न्या. फक्त पावती द्या. अमुक तारखेला डॉक्टर रत्नमाला यांनी संस्थेसाठी गोळा केलेले नमुने मिळाले, सही, शिक्का."

त्यांनी खिशातून पेन काढलं. माझ्याच लेटरपॅडवर लिहायला घेतलं, आणि तारखेपाशी थांबले. "तारीख सोडून बाकी सगळं लिहून देतो," म्हणाले.

"तारीखच पाहिजे."

"ताई, तारखेचं तसं काही नसतं हो. ब्रेकच्या दिवसाच्या नमुन्यांवर आम्ही तिकडे नवी लेबलं लावतो, दुसऱ्या दिवशीची. दर वर्षी लावतो. नाही तर हिशेबतपासणीत प्रश्न येतात."

मी विचारलं, "हे रत्नाला माहीत होतं?"

ते पेनचं टोपण लावत राहिले... नमुन्यावर चुकीची तारीख पडली म्हणून या बाईनं एकदा पूर्ण दिवसाचं काम गटारात ओतलेलं मी पाहिलं आहे. 'तारखेशिवाय नमुना म्हणजे नुसतं रक्त' हे वाक्य माझ्याकडच्या मुलींना तिनं शिकवलं. तिला माहीत असतं तर ती पहिल्याच वर्षी सोडून गेली असती, आणि बहुधा आज जिवंत असती. मी त्यांना म्हटलं, "साहेब, निघा आता." ते निघाले. नमुने इथंच राहिले.

मी बाळापूरला निरोप धाडला की संस्था कागद देणार नाही, पण माझ्या फ्रीजमध्ये तिच्या हातच्या नळ्या आहेत आणि त्यांवर त्या दिवशीची तारीख आहे. मला वाटलं, म्हातारीला तेवढंच बरं वाटेल. गेल्या सोमवारी सकाळच्या एसटीनं ती आली. एकटी नाही. सोबत किसनराव, आणि भावकीतले आणखी दोघे. तिला वाचता येत नाही. लॅबमध्ये येऊन ती बसलीही नाही.

"सिंधू, दाखव."

मी फ्रीज उघडून रॅक पुढं ओढला. जांभळ्या टोपणांच्या नळ्या, प्रत्येकीवर पांढरी पट्टी. रोग्याचं नाव नाही, रत्ना ते कधी लिहीत नसे; क्रमांकाची चिठ्ठी रोग्याकडे असायची. क्रमांक, गाव, वेळ आणि तारीख, काळ्या शाईत, तिच्या बारीक सरळ अक्षरात.

"भावजी, वाचा," म्हातारी म्हणाली.

किसनराव म्हणाले, "वैनी, चष्मा घरी राहिला वाटतं."

"खिशात हाये." तिनं स्वतःच त्यांच्या खिशातून चष्मा काढून हातात दिला. "त्या दिवशी चार माणसांत मोठ्यानं वाचलं होतं. आजबी मोठ्यानं वाचा."

त्यांनी पहिली नळी वाचली. गोरेगाव, सकाळी साडेनऊ, आणि तारीख. दुसरी वाचली. तिसरीला आवाज उतरला. "समद्यांवर तेच हाये वैनी," ते म्हणाले, "कळलं की आता."

"तुमाला कळलं. ह्यांला कळू द्या," तिनं मागच्या दोघांकडं मान वळवली. "पुढची."

त्यांनी पुढची वाचली. गोरेगाव, दहा वाजता. त्याच्या पुढची. फ्रीजचं दार एवढा वेळ उघडं ठेवणाऱ्या माणसाला मी एरवी लॅबमधून हाकलून दिलं असतं. त्या दिवशी मी ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिले, शेवटची नळी वाचून होईपर्यंत.